भिंतीवरचा चेहरा कुणी काढला?

शिवजयंतीच्या दिवशी एका शाळेत बोलायला गेलो होतो. शाळा चंद्रपूरपासून दीड तासावर, पुढे जंगल सुरू होतं अशा जागी. मुलांमध्ये गोंड, माना, काही तेली-कुणबी आणि दोन-तीन घरं मुसलमानांची. टेबलावर महाराजांची तसबीर, हार, उदबत्ती. भाषण करण्याआधी मी मुलांना विचारलं, "हे चित्र कुणी काढलं, माहीत आहे का?" एक मुलगा म्हणाला, "सर, तो फोटो आहे." सगळे हसले. मी शिक्षकांकडे बघितलं, तर तेही हसत होते, पण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यापैकी एकांनी चहा घेताना अगदी आपुलकीने विचारलं, "तुमच्यात तसबिरीला हार घातलेला चालतो का हो?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी म्हणालो, "हाराचं नंतर बोलू, आधी तसबिरीचं बोलू."

तेव्हा वेळ नव्हता म्हणून ते बोलणं राहिलं. ते इथे लिहितोय.

आज महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत, ग्रामपंचायतींत, शाळांत शिवाजी महाराजांचा जो चेहरा दिसतो, तो ज्या चित्रावरून आला ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी 1970 साली काढलं. शासनाने ते अधिकृत चित्र म्हणून मान्य केलं. जिरेटोप, मोत्यांचा तुरा, सरळ नाक, टोकदार दाढी आणि ती नजर. सिरोंच्याच्या तहसील कार्यालयापासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत याच चेहऱ्याला आपण महाराज म्हणून ओळखतो. त्याआधी असं नव्हतं. राजा रविवर्म्याचे शिवाजी वेगळे दिसायचे, धुरंधरांचे वेगळे, कॅलेंडरवाल्यांचे तर दरवर्षी वेगळे. एका माणसाने चेहरा पक्का केला आणि एका पिढीच्या आत राज्याने तो मनात साठवला. व्यक्तिचित्रकाराला याहून मोठं यश काय मिळणार? आणि त्याचं नाव त्या तसबिरीखाली नाही.

गोपाळ बळवंत कांबळे यांचा जन्म 1918 चा, कोल्हापूरचा. निधन 2002 चं. कलाशाळेच्या पदवीतून घडलेले हे चित्रकार नव्हेत. त्यांचा हात घडला तो सिनेमाचे बॅनर आणि पोस्टर रंगवता रंगवता. पुढे मुंबईत व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिरासाठी त्यांनी काम केलं आणि तिथून के. आसिफ यांनी त्यांना 'मुघल-ए-आझम'साठी ओढून नेलं. 5 ऑगस्ट 1960 ला सिनेमा मराठा मंदिरमध्ये लागला, तेव्हा थिएटरच्या दर्शनी भागावर कांबळेंनी रंगवलेला सगळा देखावा उभा होता. या कामासाठी आसिफनी देशात मिळतील तेवढे विन्सर अँड न्यूटनचे रंग विकत घेतले, त्याचा खर्च सहा लाखांवर गेला, असं सिनेमावाले सांगत आले आहेत. कांबळेंचा मोबदला 56,000 रुपये ठरला होता आणि कुणीतरी मध्येच फसवल्यामुळे त्यांच्या हातात काहीच पडलं नाही, हेही त्याच गोष्टीत सांगतात. रंगावर सहा लाख आणि रंगवणाऱ्याला शून्य! बॅनरच्या धंद्यातल्या लोकांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा त्यांना अजिबात आश्चर्य वाटत नाही.

आता जरा थांबून बघा. अकबर, सलीम, अनारकली यांचे चेहरे ज्या हाताने मराठा मंदिरावर वीस-वीस फूट उंच रंगवले, त्याच हाताने दहा वर्षांनी शिवाजी महाराजांचा चेहरा महाराष्ट्राला दिला. त्या हाताला यात काही अडचण वाटली नाही. हा योगायोग मला फार आवडतो, पण त्यातून "बघा, कसा सलोखा" असा भाषणातला निष्कर्ष मला काढायचा नाही. कांबळे पोटासाठी काम करत होते आणि ते उत्तम करत होते, एवढंच. मोगल बादशहा रंगवायचा तर तोही जीव ओतून रंगवायचा, ही कामातली नीती आहे. आज मोबाईलवर कुणाचं चित्र लावलं म्हणून कुणाची दुकानं फुटतात, तेव्हा ही साधी नीतीही आठवावी लागते. जून 2023 मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून दंगल झाली, दगड पडले, इंटरनेट बंद करावं लागलं, ते शहर कोल्हापूरच होतं. कांबळेंचं कोल्हापूर.

आणि आबालाल रहमान यांचंही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला हा कोल्हापूरचा चित्रकार. कुराणाच्या हस्तलिखित प्रती लिहिणाऱ्या घराण्यातला. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकला. नंतर शाहू महाराजांनी त्याला दरबारात ठेवलं. निसर्गचित्रांसाठी त्याचं नाव झालं, पण विद्यार्थीदशेत त्याने काढलेले माणसांच्या चेहऱ्यांचे अभ्यास बघितले की कळतं, चेहऱ्याची हाडं या माणसाला आतून ठाऊक होती. कोटितीर्थाच्या काठी फकिरासारखा राहिला. शाहू महाराज 1922 मध्ये गेले, त्या दुःखात त्याने आपली कितीतरी चित्रं तळ्यात बुडवली, असं कोल्हापुरात सांगतात. 1931 साली तो वारला, तेव्हा कांबळे तेरा वर्षांचे होते. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, ते आबालालपासून बाबूराव पेंटरांपर्यंत आणि तिथून बॅनर रंगवणाऱ्या पोरांपर्यंत उतरत आलेल्या या हातांमुळे. बाबूराव पेंटर स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवत. त्या गावात 'पेंटर' हे आडनाव होऊ शकतं, यातच सगळं आलं.

आमच्या समाजाबद्दल एक तक्रार इथेच करून टाकतो. आबालाल रहमान हे नाव माझ्या ओळखीतल्या किती मराठी मुसलमानांना माहीत आहे? बोटावर मोजण्याइतक्या. इकबाल, गालिब, सर सय्यद सगळ्यांना पाठ. त्याबद्दल आक्षेप नाही. पण ज्याने मराठी मातीत, मराठी राजाच्या आश्रयाने, आपल्याच भाषेच्या मुलखात आयुष्य काढलं, तो आपल्या जलशात, आपल्या शाळेच्या भिंतीवर कुठेच नाही. कारण विचारलं तर उत्तर तयार असतं: तसवीर आपल्यात मना आहे.

हा मुद्दा टाळून पुढे जाता येणार नाही. जिवंत प्राण्यांची चित्रं काढण्याबद्दल हदीसमध्ये इशारे आहेत आणि बहुतेक उलेमांनी ते गांभीर्याने घेतले आहेत. मी त्यावर फतवा द्यायला बसलेलो नाही. माझ्या घरातही भिंतीवर माणसाचं चित्र नाही. अम्मीला ते आवडायचं नाही, तिच्या पश्चात मीही लावलं नाही. पण इतिहास बघायचा तर पूर्ण बघावा. मोगल, आदिलशाही, कुतुबशाही, सगळ्या दरबारांत माणसांचे चेहरे काढले गेले आणि काढणाऱ्यांत मुसलमान भरपूर होते. आज उलेमांसकट आपण सगळे पासपोर्टसाठी फोटो काढतो, हजला जायचं तर त्याशिवाय भागत नाही. म्हणजे चेहऱ्याची गरज आपल्याला आहे. ती आपण कॅमेऱ्यावर ढकलली आणि चित्रकाराला मात्र घराबाहेर ठेवलं. घरात तसबीर लावायची की नाही हा ज्याच्या त्याच्या ईमानाचा प्रश्न. चित्रकाराचं नाव माहीत असण्यावर मात्र कुठल्याही हदीसमध्ये बंदी नाही.

माझे एक मामू पेंटर होते. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आत एका बोळात त्यांचं काम चालायचं. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या नंबरप्लेटी, निवडणुकीच्या भिंती, सिनेमाचे बोर्ड, आणि जयंतीच्या दिवसांत महापुरुष. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात बाबासाहेब, फेब्रुवारीत महाराज. पाच वेळची नमाज पढणारा माणूस. घरी आल्यावर कधी चिमणीसुद्धा काढली नाही, पण कामावर एकदा बसला की महाराजांचा चेहरा उतरवताना जेवण विसरायचा. समोर कॅलेंडरवरची तसबीर, तिच्यावर पेन्सिलीने पाडलेल्या चौकटी. तेवढ्याच चौकटी मोठ्या पत्र्यावर खडूने. मग एकेक चौकट उतरवायची. लहानपणी मी खडूच्या रेघा मारून द्यायचो. मामूंचं एक वाक्य होतं: "नाक चुकलं की महाराज गेले." कपडे, दागिने, घोडा हे सगळं थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं, पण नाक, भुवई आणि डोळ्याचा कोपरा यांत केसाएवढा फरक पडला की समोरचा माणूस दुसराच होतो. ती कॅलेंडरवरची तसबीर कांबळेंच्या चित्रावरून आलेली होती हे मामूंना माहीत नव्हतं. मला तरी कुठे होतं? पण पत्र्यावर उतरवताना ते कांबळेंचीच रेघ पुन्हा ओढत होते. राज्यातल्या प्रत्येक तालुक्यात असे किती पेंटर असतील, ज्यांनी न कळत ती रेघ गिरवली. पुढे फ्लेक्स आला. एका रात्रीत दहा फुटी चेहरा छापून मिळायला लागला आणि शेजारी नगरसेवकाचा त्याहून मोठा. मामूंचे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात तसेच वाळून गेले.

आता कांबळेंच्या मागे जाऊ. त्यांच्यासमोर तरी कोणतं चित्र होतं?

शिवाजी महाराजांच्या चेहऱ्याची गोष्ट मराठी वाचकाला थोडीफार माहीत असते, पण मधले दुवे गळालेले असतात. एक काळ असा होता की इब्राहिम खान नावाच्या माणसाचं चित्र महाराजांचं म्हणून महाराष्ट्रभर फिरत होतं. लोक त्यालाच हार घालत होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी ही चूक दाखवून दिली आणि डच लेखक व्हॅलेंटाइन याच्या अठराव्या शतकातल्या ग्रंथातलं महाराजांचं चित्र 1930 च्या दशकात लोकांसमोर आणलं. बेंद्र्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांच्याआधी कितीतरी वर्षं अनेक घरांतून एका खानाला भक्तिभावाने उदबत्ती ओवाळली गेली आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही, हे आठवून मला दरवेळी थोडं हसू येतं. माफ करा.

मग समकालीन किंवा जवळपास समकालीन म्हणता येतील अशी चित्रं कुठली? त्यातली बरीच गोवळकोंड्याच्या शैलीतली आहेत. महाराज 1677 मध्ये कुतुबशहाच्या भेटीला भागानगरला, म्हणजे हैदराबादला गेले होते. तिथले चित्रकार राजे-सरदारांची छोटी व्यक्तिचित्रं काढून युरोपी व्यापाऱ्यांना विकत. डचांनी असे संच आपल्याकडे नेले. म्हणून आज महाराजांची जुनी चित्रं बघायची तर ॲमस्टरडॅमचं आणि लंडनचं संग्रहालय गाठावं लागतं. त्या चित्रकारांची नावं नाहीत. ज्याचं नाव टिकलं तो एकच: मीर मुहम्मद. इटालियन प्रवासी मनुची याने त्याच्याकडून हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांची चित्रं काढून घेतली, 1686 च्या आधी. त्यात घोड्यावर बसलेले, सोबत पायदळाचे लोक असलेले शिवाजी महाराज आहेत. तो संच पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

या मीर मुहम्मदवरून आमच्यातल्या काही मित्रांशी माझा वाद आहे आणि तो मी उघडपणे मांडतो. दरवर्षी शिवजयंतीला व्हॉट्सॲपवर एक यादी फिरते. शिवाजी महाराजांचे मुस्लिम सहकारी: नूरखान बेग, सिद्दी हिलाल, दर्यासारंग, काझी हैदर, मदारी मेहतर आणि शेवटी "महाराजांचं चित्र काढणारा मीर मुहम्मद". ही यादी का फिरते ते मला कळतं. दर फेब्रुवारीत आपल्याला निष्ठेचा दाखला सादर करावा लागतो, म्हणून ती फिरते. तरीही मीर मुहम्मदला त्या यादीत बसवणं चूक आहे. तो महाराजांच्या पदरी नव्हता. तो औरंगजेबाचा मुलगा शाहआलम याच्या पदरी होता आणि मनुचीचा मित्र होता. त्याने मोगल बादशहांबरोबर शिवाजी महाराजांनाही त्याच कौशल्याने, त्याच मानाने घोड्यावर बसवलं. मला विचाराल तर हे जास्त मोलाचं आहे. मोगलांच्या चाकरीतल्या चित्रकाराने मोगलांच्या शत्रूचा चेहरा बिघडवला नाही, त्याला राक्षस केलं नाही, राजासारखा राजा काढला. हे सांगण्यासाठी त्याला रायगडाचा नोकर करायची गरज नाही. यादी लांबवण्यासाठी आपण खोटं घुसवलं की उद्या कुणी एक नाव खोडून काढतो आणि बाकीची खरी नावंही त्याच्याबरोबर वाहून जातात.

शब्दांतली वर्णनंही आहेत. 1664 च्या सुरतेच्या लुटीच्या वेळी तिथे असलेल्या एस्कॅलियट या इंग्रज पाद्र्याने महाराजांबद्दल लिहून ठेवलं: मध्यम बांधा, गोरटेला वर्ण, तीक्ष्ण आणि चपळ डोळे. दुसऱ्या बाजूच्या माणसाची साक्ष, म्हणून तिला वजन. गोवळकोंड्याच्या चित्रांतलं ते नाक आणि ती दाढी, कागदपत्रांतले ते डोळे आणि बॅनरवर वीस फुटांवरून ओळखू येईल असा चेहरा उभा करण्याची कांबळेंची तालीम, हे सगळं एकत्र आणून त्या चित्रापुढे उभं राहिलं की ते वेगळं दिसायला लागतं. नाव नसलेल्या दख्खनी चित्रकारांपासून कोल्हापूरच्या सिनेमा पेंटरपर्यंत तीनशे वर्षांची ती एक साखळी आहे. शाळेतल्या त्या मुलाला ते फोटो वाटलं. व्यक्तिचित्रकाराला एका अर्थी ही सगळ्यात मोठी दाद आहे. पण फोटो म्हटलं की हात दिसेनासा होतो. चेहरा आपोआप तसाच होता असं वाटायला लागतं. आणि मग तो चेहरा कुणीही आपल्या मालकीचा म्हणू शकतो.

हे सगळं कोल्हापूरचं झालं. मी राहतो चांद्यात. म्हणून आता शाळेतल्या त्या टेबलावरच्या दुसऱ्या तसबिरीकडे वळतो. महाराजांच्या शेजारी वीर बाबुराव शेडमाके यांची तसबीर होती. फेटा, मिशी, तरुण करारी चेहरा. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत आता हा चेहराही सगळीकडे दिसतो, आणि ते योग्यच आहे. 12 मार्च 1833 ला अहेरी भागातल्या किष्टापूरला जन्म. मोलमपल्लीचे जमीनदार. 1858 च्या मार्चमध्ये राजगड परगण्यापासून इंग्रजांविरुद्ध उठाव. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव सोबत. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात फाशी. वय पंचवीस. 2009 साली टपाल तिकीट निघालं.

तो चेहराही कुणीतरी काढला आहे. 1858 सालच्या चांद्यात त्यांना समोर बसवून चित्र काढणारा कोणी नव्हता, गोवळकोंड्यासारखा चित्रांचा बाजार नव्हता, मनुची नव्हता. पंचवीस वर्षांच्या गोंड जमीनदाराचा चेहरा कसा असेल, हे नंतरच्या चित्रकाराने मनाने ठरवलं. मला यात कमीपणा दिसत नाही. कांबळेंनाही काही भाग मनानेच भरावा लागला असणार. पण फरक आहे. महाराजांच्या चेहऱ्यामागे एक बेंद्रे आयुष्यभर कागद शोधत बसले, संग्रहालयांशी पत्रव्यवहार झाला, शासनाने एका चित्रावर शिक्का मारला. शेडमाकेंच्या चेहऱ्यासाठी असं कोण बसलं? आज बाजारात त्यांच्या तीन-चार तऱ्हेच्या तसबिरी मिळतात. एकात ते राजपूत वाटतात, एकात दाक्षिणात्य सिनेमाचे नायक. फ्लेक्सवाल्याच्या संगणकात जे असेल ते. इथल्या माडिया-गोंड माणसाच्या चेहऱ्याची ठेवण, डोक्याला बांधायची पद्धत, कानातलं, हे सगळं आजही अहेरी-भामरागडच्या बाजारात जिवंत फिरतंय. ते बघून, वहीत उतरवून, मग काढायला बसणारा कांबळे आपल्याला हवा. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. पुतळ्यांच्या उंचीवर चर्चा होतात तशी एखादी चर्चा या चेहऱ्यावर व्हायला हरकत नाही.

आणि त्या तसबिरीत जे दिसत नाहीत ते? शेडमाकेंनी उठावासाठी जी फौज गोळा केली तिच्यात गोंडांबरोबर रोहिले होते, असं जुनं गॅझेटियरच सांगतं. वर्धा आणि प्राणहितेच्या पलीकडे निजामाचा मुलूख. तिथे चाकरी शोधत फिरणाऱ्या रोहिल्यांच्या टोळ्या त्या काळी पुष्कळ. त्यातले काही नदी ओलांडून आले आणि जंगलातल्या एका गोंड तरुणाच्या मागे उभे राहिले. पगारासाठी आले असतील, लुटीच्या वाट्यासाठी आले असतील. मी त्यांना आज स्वातंत्र्यसैनिक ठरवायला निघालेलो नाही, नाहीतर मीर मुहम्मदबद्दल वर जे बोललो तेच मला लागू होईल. पण ते होते. 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात मेलेल्या दोन इंग्रजांची नावं कागदावर आहेत, गार्टलँड आणि हॉल. वाचून पळालेल्या तिसऱ्याचंही नाव आहे, पीटर. रोहिल्यांना मात्र नुसतं 'रोहिले' म्हटलंय. किती होते, कुठले होते, कितीजण परत नदीपलीकडे गेले, त्यांच्यापैकी कुणी इथेच मातीत मिसळले का, काही नाही. चेहरा दूरच, नावसुद्धा नाही.

आमच्या शहराच्या गोंडकालीन परकोटाला चार मोठे दरवाजे आहेत. त्यातल्या एकाचं नाव पठाणपुरा. रोज हजारो माणसं त्यातून येतात-जातात. हे पठाण कोण, असं कुणी विचारत नाही. मीही वयाच्या चाळिशीपर्यंत विचारलं नव्हतं.

हे सगळं लिहिताना माझ्या लक्षात आलं की माझ्या आजोबांचाही चेहरा मला माहीत नाही. ते आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने निशाणी मारायचं काम करायचे. फोटो कधी काढला नाही. घरात तसवीर ठेवायची नाही म्हणूनही आणि पैसे नव्हते म्हणूनही. कोणतं कारण आधी, ते आता सांगता येत नाही. एका जुन्या कागदावर त्यांचा अंगठा आहे. अब्बा म्हणायचे, तुझे आजोबा मामूसारखे दिसायचे. मामू तर अम्मीच्या बाजूचे, म्हणजे नातं काहीच नाही. तरीही कपाळ आणि भुवया तशाच, असं ते ठासून सांगायचे. एकदा मी मामूंना म्हटलं, "अब्बांना समोर बसवून विचारा आणि दादांचा चेहरा काढा." मामू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "राजा का निकाल सकता हूँ, सब पहचानते हैं. अपने बाप का तो तेरा बाप ही पहचानेगा. गलत निकला तो?" आणि काढलं नाही.

मामूंची ती भीती मला आता जास्त कळते. एकट्या साक्षीदाराच्या आठवणीवर चेहरा उभा करणं ही जोखीम असते. म्हणूनच मला वाटतं की साक्षी गोळा करण्याचं काम आधी व्हायला हवं. चांद्याच्या, नागपूरच्या दफ्तरांत 1858 च्या खटल्यांचे जे कागद असतील त्यांत रोहिल्यांची काही नावं सापडतात का, हे बघायला आपल्यातलीच कुणी इतिहासाची मुलगी-मुलगा बसावा. पीएच.डी.ला विषय मिळत नाही म्हणतात. हा घ्या. आणि शासनाकडे एक साधी मागणी: अधिकृत तसबीर जिथे जिथे लावली जाते तिथे खाली एका ओळीत लिहा, चित्रकार जी. कांबळे, कोल्हापूर. छपाईचा खर्च वाढणार नाही. शाळेतल्या मुलांना कळेल की महाराजांचा चेहरा कुणीतरी बसून, घाम गाळून, चुकायच्या भीतीने काढला आहे. मग कदाचित त्यांच्यातली एखादी आत्राम किंवा मडावी पुढे शेडमाकेंचा चेहरा काढायला बसेल.

चंद्रपूरच्या जिल्हा कारागृहाच्या आत एक दर्गा आहे, गैबीशाह वलींचा. मोहरममध्ये दोन दिवस तुरुंगाचं दार सगळ्यांसाठी उघडतं. हिंदू, मुसलमान, बौद्ध, गोंड, सगळ्यांची रांग लागते. आत विहीर आहे, तिचं पाणी लोक बाटलीत भरून नेतात. त्याच आवारात पिंपळाच्या झाडाजवळ शेडमाकेंना फाशी दिली त्या जागेची आठवण जपली आहे. दर्ग्यात अर्थातच कुणाचं चित्र नाही. गेल्या मोहरमला रांगेत माझ्यापुढे गडचिरोलीकडची एक म्हातारी होती, कपाळावर गोंदण असलेली. दर्शन झाल्यावर ती पिंपळाकडे गेली, हात जोडले आणि तिथे लावलेल्या तसबिरीकडे बघत राहिली. मी सहज विचारलं, "ओळखता का आजी?" ती म्हणाली, "ओळखतो ना. पण आमच्याकडचा नाही दिसत."